नव्या अपडेटबद्दल पहिले मत कसे बनवावे

१५ सप्टेंबर २०२५ रोजी ॲपलने आयपॅडसाठी आयपॅडओएस २६ आणि मॅकसाठी मॅकओएस टाहो २६ या आवृत्त्या सर्वांसाठी खुल्या केल्या, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ची २५एच२ ही आवृत्ती आणली. पहिल्या दोहोंत बटणांपासून आयकॉनपर्यंत सारे काही काचेसारखे पारदर्शक झाले. तिसरीत मात्र आधीची २४एच२ वापरणाऱ्याला डोळ्यांना जाणवेल असे फारसे काही बदलले नाही, कारण दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच असून हे अपडेट म्हणजे आधीच यंत्रात उतरलेल्या सुविधा चालू करणारे एक छोटे पॅकेज आहे. त्यामुळे केवळ दिसण्यावरून बनवलेले मत दोन्ही ठिकाणी फसवे ठरू शकते. ज्या कामासाठी आपण यंत्र घेतले ते काम आता कसे होते, हे पाहून मत बनवावे, आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची मुदत संपण्याआधी बनवावे.

पायरी १ : अपडेट टाकण्याआधीची स्थिती नोंदवून ठेवा

आधीची नोंद नसेल तर नंतरची तुलना निव्वळ आठवणीवर होते. म्हणून बॅटरीच्या वापराच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, रिकामी जागा किती आहे ते लिहून ठेवावे आणि आपली सर्वांत जड फाइल उघडायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहावे.

त्यानंतर बॅकअप. मॅकवर त्यासाठी टाइम मशीन ही अंगभूत सोय आहे. विंडोजवर महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्याव्यात. आयपॅडच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत चढवता येत नाही. म्हणून अपडेटच्या आधीच आयपॅड मॅकला जोडून फाइंडर या फाइली पाहण्याच्या ॲपमधून पूर्ण बॅकअप घ्यावा आणि बॅकअपच्या यादीत त्यावर उजवी क्लिक करून तो आर्काइव्ह करावा, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर लिहिला जाणार नाही. विंडोजच्या यंत्रावर डिस्क कुलूपबंद ठेवणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी; अपडेटनंतर यंत्र सुरू होताना ती क्वचित विचारली जाते, आणि त्या क्षणी ती हाताशी नसेल तर सारे काम अडते.

पायरी २ : पहिले दोन-तीन दिवस वेगाविषयी निर्णय देऊ नका

मोठ्या अपडेटनंतर यंत्र गरम होते, पंखा फिरत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. याचे कारण बहुधा बिघाड हे नसते. शोधाची अनुक्रमणिका नव्याने बांधली जात असते, फोटोंमधील चेहरे आणि वस्तू पुन्हा तपासल्या जात असतात, ॲप्सची नवी रूपे मागून उतरत असतात. खात्री करायची असेल तर मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करावे. ‘एमडीएस स्टोअर्स’, ‘एमडीवर्कर’ किंवा ‘फोटोॲनालिसिसडी’ ही नावे वर दिसली, तर शोधाची अनुक्रमणिका किंवा फोटोंची तपासणी चालू आहे हे उघड आहे. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये शोधाच्या इंडेक्सरचे नाव असेच वर येते. यंत्र चार्जरला लावून रात्रभर ठेवले की हे काम लवकर आटोपते. तीन दिवसांनीही तीच नावे वर असतील, तेव्हा मात्र तक्रारीला जागा आहे.

पायरी ३ : आपले रोजचे काम जसेच्या तसे करून पाहा

नव्या सुविधांची यादी वाचत बसण्यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे आहे. प्रिंटरवर एक पान छापावे, बाहेरचा पडदा जोडावा, ब्लूटूथ कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू करावा, कामाच्या ठिकाणचे व्हीपीएन (तेथील नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) असेल तर ते जोडून पाहावे आणि एक व्हिडिओ कॉल करावा. मराठीत लिहिणाऱ्याने दोन-चार ओळी टंकून ‘ॲ’, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरे नीट उमटतात का, हेही पाहावे. जे अडले ते लगेच लिहावे. चार दिवसांनी नेमके काय अडले होते ते सांगता येत नाही.

पायरी ४ : नावडले ते आधी सेटिंग्जमध्ये बदलून पाहा

आयपॅडओएस २६विषयीच्या पहिल्या नाराजीचा मोठा भाग या एका पायरीने कमी होऊ शकतो. पारदर्शक पट्ट्यांवरची अक्षरे वाचताना डोळ्यांना त्रास होत असेल तर सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी, त्यातील डिस्प्ले ॲण्ड टेक्स्ट साइझ आणि तेथील रिड्यूस ट्रान्स्परन्सी चालू करावे. नंतरच्या २६.१ या आवृत्तीत काचेची पारदर्शकता कमी करणारा टिंटेड हा पर्यायही मिळाला.

विंडोंची नवी पद्धत अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो, पण माझ्या मते या आवृत्तीतील सर्वांत मोलाचा बदल तोच आहे. ॲपच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला धरून ओढले की त्याची लहान विंडो होते. डावीकडे वर तीन छोटी बटणे येतात आणि त्यांवर बोट दाबून धरले की विंडो पडद्याच्या अर्ध्या भागात बसवण्याचे पर्याय दिसतात. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की मॅकसारखी मेनूपट्टी उघडते. एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला टिपणवही ठेवून तासभर वाचन केले की ही रचना आपल्याला मानवते की नाही ते कळते. न मानवल्यास सेटिंग्जमधील मल्टिटास्किंग ॲण्ड जेश्चर्समध्ये जाऊन फुल स्क्रीन ॲप्स निवडावे. कडेला तरंगणारी स्लाइड ओव्हरची जुनी सोय २६मध्ये काढली गेली होती, ती २६.१मध्ये वेगळ्या रूपात परत आली. नव्या आवृत्तीच्या पहिल्या दिवशी जे हरवले असे वाटते, ते पुढच्या छोट्या अपडेटमध्ये परत येऊ शकते, हे यावरून दिसते.

मॅकवर सारी ॲप्स पडदाभर मांडून दाखवणारे लाँचपॅड गेले आणि त्याच्या जागी ॲप्सची यादी आली. ज्यांनी तेथे वर्षानुवर्षे फोल्डर लावले होते त्यांची नाराजी रास्त आहे. मात्र स्पॉटलाइट या शोधाच्या पट्टीत आता क्लिपबोर्डचा, म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींचा, इतिहास मिळतो, आणि मजकूर सतत इकडून तिकडे नेणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो.

पायरी ५ : राहायचे की परतायचे, हे मुदतीत ठरवा

विंडोजच्या मोठ्या अपग्रेडनंतर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने परत जाण्यासाठी सहसा १० दिवस मिळतात; तोवर जागा मोकळी करण्याच्या भरात जुनी आवृत्ती जपून ठेवणारे ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर काढून टाकू नये. मॅकवर परतायचे तर डिस्क पुसून जुनी आवृत्ती नव्याने टाकावी लागते. आयपॅडवर ॲपलने जुन्या आवृत्तीला मान्यता देणे थांबवले की परतीची वाट बंद होते. अँड्रॉइड टॅबलेटवर सामान्य वापरकर्त्याला अशी सोपी सोय सहसा नसतेच.

आधी नोंदी आणि बॅकअप घेऊन, थांबून निर्णय घेण्याचा हा सल्ला फक्त मोठ्या आवृत्त्यांसाठी आहे. सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या आल्या की लगेच टाकाव्यात. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अजून तेथेच असलेल्यांनी नव्या आवृत्तीकडे जाणे लांबवत राहणे धोक्याचे आहे. ज्यांच्या इंटेल चिपच्या मॅकवर टाहो चालते त्यांनी ती आपल्या यंत्रासाठीची शेवटची मोठी आवृत्ती आहे हे धरून निर्णय घ्यावा.

पायरी ६ : अडचण कळवा

विंडोजवर विंडोज की आणि एफ एकत्र दाबले की फीडबॅक हब उघडते. तेथे ‘चालत नाही’ एवढेच न लिहिता यंत्राचे मॉडेल, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, कोणती कृती केली, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे आणि सोबत स्क्रीनशॉट जोडावा. ॲपलच्या संकेतस्थळावरही उत्पादनानुसार अभिप्राय देण्याचे पान आहे. तिसऱ्या पायरीत लिहून ठेवलेली टिपणे येथे जशीच्या तशी वापरता येतात.