घरात इंदिरा गांधींचं ५ रुपयांचं नाणं सापडलंय? आधी हे वाचा

आजीचा डबा नाहीतर देव्हाऱ्याखालचा खण आवरताना ते जाडजूड पाच रुपयाचं नाणं हाताला लागतं आणि मग कुणीतरी सांगतंच, अरे याचे लाखो मिळतात. नाही मिळत. ही नाणी चलनात भरपूर आली होती, पण म्हणून उगाच खर्चून किंवा खराब करून टाकायचं असंही नाही.

पहिली गोष्ट, घासू नका. मी शाळेत असताना चिंच-मीठ लावून एक असं चमकवलं होतं की बास, नाणं लखलखीत झालं पण भिंगातून बघितलं तर नाण्यावरच्या इंदिराबाईंच्या गालावर, केसांवर बारीक बारीक ओरखडे, आणि संग्राहक नेमकं तेच आधी बघतो. फार धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवायचं, मऊ कापडाने टिपायचं (पुसायचं नाही, टिपायचं) आणि यापुढे कडेने धरायचं, घामाचे डाग बसतात.

आता ओळख. नाण्यावर १९१७-१९८४ असं असतं म्हणून लोक ८४ चं समजतात, पण ते इंदिरा गांधींचं जन्म-मृत्यू साल, नाणं आलं १९८५ मध्ये. धातू तांबं-निकेल, त्याला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून बघा, चिकटलं तर गडबड आहे, नाणं नकली असू शकतं. वजन साधारण १२.५ ग्रॅम, ते बघायला सोनाराकडचा बारीक काटा मिळाला तर उत्तमच. मग भिंग घेऊन टांकसाळीची (म्हणजे नाणं जिथे पाडलं तिथली) खूण शोधा, हिऱ्यासारखा आकार म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद. याच मालिकेत ५० पैशाचं पण आहे, तेही बघून ठेवा.

ठेवताना स्वस्त मऊ प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यातल्या पीव्हीसीने (एक प्रकारचं प्लास्टिक) नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. नाण्यांसाठीची पुठ्ठ्याची चौकट मिळते ती बेस्ट.

विकायचंच असेल तर "आधी कमिशन भरा, मग पैसे मिळतील" म्हणणाऱ्याचा नंबर सरळ ब्लॉक करा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नसतो आणि असलं कमिशनही घेत नाही. नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन जणांना दाखवून भाव विचारा, लगेच अंदाज येतो.