पावसाळ्यात घरचा राजहंस आजारी पडला तर

झड लागली की सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या राजहंसाकडे रोज सकाळी नीट पाहा. दुखणं लपवणं हा पक्ष्याचा स्वभावच. तो चारा सोडून, पिसं फुगवून दिवसभर बसलेला दिसला, म्हणजे आजार दोन-तीन दिवसांपासून आहे असं धरा.

पाय धरून उचलू नका, पाय दुखावतो. पंख अंगाशी दाबून काखेत घ्या आणि छातीचं मधलं हाड चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी बराच वाळला आहे. विष्ठाही पाहा. गवत खाणाऱ्या राजहंसाची ती हिरवी असतेच, पण पातळ, चकचकीत हिरवी आणि गवताचे तंतू नसलेली असेल तर पोट रिकामं आहे.

गुरांच्या कोठ्यातला कोरडा कोपरा द्या. खाली चार बोटं तणीस (भाताचा पेंढा) टाका. कुटार (भुसा) नको, ओलं झालं की बुरशी धरतं. एका बाजूला दोन फुटांवर 60 वॉटचा बल्ब लावा, गरम झालं तर पक्षी सरकू शकेल. मधे जाळी लावा, पण जोडीदार दिसला पाहिजे. एकटा पडलेला राजहंस खाणंही सोडू शकतो.

पाणी नाकपुड्या बुडतील इतक्या खोल घमेल्यात ठेवा. पहिल्या दिवशी 1 लिटर पाण्यात 2 चमचे गूळ आणि चिमूटभर मीठ घाला, शेजारी साधं पाणीही असू द्या. चोचीत पाणी ओतू नका. जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ फुफ्फुसात जातं. खायला कनकीचा (तांदळाच्या कण्यांचा) मऊ भात आणि बारीक चिरलेलं कोवळं गवत.

आता कारण शोधा. बुरशी आलेली सरकीची ढेप किंवा मका असेल तर आजच बंद करा; बुरशीचं विष यकृतावर जातं आणि उकळूनही जात नाही. मान लुळी पडली असेल तर ते कुजक्याचं विष असू शकतं; साचलेल्या पाण्यात कुजलेलं जनावर आहे का बघा, बाकीचे पक्षी तिथून हटवा. अशा पक्ष्याजवळ खोल पाणी ठेवू नका, मान उचलता न आल्याने तो त्यातच बुडतो. फवारणी झालेल्या कपाशीच्या धुऱ्यावर (बांधावर) चरून आला आणि लाळ गळते, पाय लटपटतात, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. औषधाच्या डब्याचं नाव टिपून लगेच 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनवर फोन करा.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. दोन-तीन पक्षी एकाएकी मेले तर उघड्या हातांनी शिवू नका, नाल्यात फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. औषध चालू असताना अंडी खाऊ नका, आणि नंतर किती दिवस थांबायचं तेही डॉक्टरांनाच विचारा.