मध्यम शक्तीची रायफल काडतुसे: शिकारीसाठी आणि स्वसंरक्षणासाठी त्यांची पारख कशी करावी

पिस्तुलाच्या काडतुसाहून जोरकस आणि पूर्ण शक्तीच्या रायफल काडतुसाहून सौम्य, अशा काडतुसांना मध्यम शक्तीची काडतुसे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ७.९२×३३ हे काडतूस (पहिला आकडा गोळीचा साधारण व्यास, दुसरा कवचाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये) रणांगणावर आणले, सोव्हिएत संघाने १९४३ मध्ये ७.६२×३९ ची आखणी केली आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतून .२२३ रेमिंग्टन (इथे आकडा इंचांतला साधारण व्यास सांगतो) व त्याचे लष्करी भावंड ५.५६×४५ पुढे आले. बहुतेक चकमकी काहीशे मीटरच्या आतच होतात, त्यामुळे सैनिकाला कमी धक्क्याचे, हलके आणि जास्त संख्येने बाळगता येईल असे काडतूस द्यावे, हा या सर्वांमागचा विचार होता. शिकाऱ्याची गरज त्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. म्हणूनच ‘हे काडतूस हरणाला पुरेल का’ या प्रश्नाचे उत्तर काडतुसाच्या नावात सापडत नाही. सावज कोणते, अंतर किती, नळी किती लांब आणि गोळी कशा बांधणीची, या चार गोष्टी समजल्यावरच ते देता येते.

पहिले काम: गोळी पोहोचते तेव्हाचे आकडे पाहावेत

काडतुसाच्या खोक्यावर बहुधा नळीच्या तोंडाशी असलेला वेग आणि ऊर्जा छापलेली असते. सावज मात्र नळीच्या तोंडाशी उभे नसते. ५५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ३.६ ग्रॅमची .२२३ ची गोळी सेकंदाला ९९० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तिची ऊर्जा साधारण १,७४० ज्यूल असते. शंभर मीटरवर ती १,२०० ज्यूलच्या आसपास उतरते. ७.६२×३९ ची १२३ ग्रेनची गोळी सुमारे ७१५ मीटर वेगाने व २,०४० ज्यूल ऊर्जेने निघते आणि शंभर मीटरवर तिच्यात सुमारे १,५०० ज्यूल उरतात. तुलनेसाठी, पूर्ण शक्तीच्या .३०८ विंचेस्टरची ऊर्जा नळीच्या तोंडाशी साडेतीन हजार ज्यूलच्या घरात असते.

हे आकडे कशाशी ताडून पाहावेत, हे ठरवताना निरनिराळ्या देशांचे शिकार कायदे उपयोगी पडतात. जर्मनीच्या कायद्यानुसार रो जातीच्या लहान हरणासाठी शंभर मीटरवर किमान १,००० ज्यूल ऊर्जा लागते. इतर खुरांच्या मोठ्या सावजांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि शंभर मीटरवर २,००० ज्यूल, अशी दुहेरी अट आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य मोठ्या सावजासाठी किमान ६ मिलिमीटरची गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १,३५६ ज्यूल ऊर्जा मागते. .२२३ ही गोळी जर्मनीतील लहान हरणाची अट पूर्ण करते, पण कोलोरॅडोच्या दोन्ही अटींत ती बसत नाही. ७.६२×३९ कोलोरॅडोच्या अटींत बसते, पण जर्मनीची २,००० ज्यूलची पायरी चढू शकत नाही. ऊर्जेच्या आकड्याने सावज मरत नाही हे खरे असले, तरी या अटींनी आखलेली रेषा साधारण योग्य ठिकाणी आहे, असे माझे मत आहे. आपण जिथे शिकार करणार आहोत तिथे ती मुळात कायदेशीर आहे का आणि तिथली अट काय आहे, हे आधी तपासावे.

नळीची लांबी हा हिशेब सहज उलटवू शकते. ६.५ ग्रेंडेलची १२३ ग्रेनची लांबट गोळी २४ इंची नळीतून सुमारे ७८५ मीटर वेगाने निघते आणि तिचा आकार हवेला कमी अडत असल्याने शंभर मीटरवरही ती २,००० ज्यूलची रेषा थोडक्यात राखते. तीच गोळी १६ इंची नळीतून सुमारे ७३० मीटर वेगाने निघते आणि त्याच अंतरावर त्या रेषेच्या स्पष्ट खाली जाते. त्यामुळे खोक्यावरचा आकडा किती लांबीच्या चाचणी नळीतून घेतला आहे ते वाचावे आणि शक्य असेल तर आपल्याच रायफलीतून वेगमापक यंत्रावर पाच-दहा गोळ्या मोजून घ्याव्यात.

दुसरे काम: गोळीची बांधणी ओळखावी

मध्यम शक्तीच्या काडतुसात ऊर्जेची शिल्लक बेताची असल्यामुळे गोळी त्या ऊर्जेचे काय करते, यावर सगळा निकाल ठरतो. पूर्ण शक्तीच्या काडतुसात गोळीची निवड थोडी चुकली तरी निभावते, पण इथे तशी मोकळीक नसते.

युद्धात शरीरात पसरणाऱ्या गोळ्या वापरू नयेत, असे १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने ठरवले, त्यामुळे लष्करी गोळ्या पूर्ण धातूच्या आवरणाच्या असतात. अशी गोळी शिकारीसाठी वाईट असते. शरीरविज्ञानाच्या अंगाने गोळ्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी जिलेटिनवरील (मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या लगद्यावरील) चाचण्यांत दाखवले की ७.६२×३९ ची मूळ सोव्हिएत गोळी सुमारे २५ सेंटीमीटर टोक पुढे ठेवून सरळ जाते आणि त्यानंतर आडवी होते. मध्यम हरणाची छाती बाजूने साधारण तेवढीच रुंद असते. म्हणजे ती गोळी फुप्फुसांतून बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते आणि जखमी जनावर दूरवर जाऊन तडफडत मरते. ५.५६ ची ५५ ग्रेनची लष्करी गोळी वेगळी वागते. आघाताच्या वेळी तिचा वेग साधारण ८२० मीटरच्या वर असेल, तर ती आडवी होताना आवरणाच्या खाचेपाशी मोडते आणि तिचे तुकडे होतात. हा वेग लांब नळीतून शंभर मीटरच्या पुढेही टिकतो, पण अगदी आखूड नळीतून त्याच्या निम्म्या अंतरातच संपतो. ज्या गोळीचे वागणे एवढ्याशा फरकाने बदलते, तिच्यावर एखाद्या जिवाचा शेवट सोपवू नये.

शिकारीसाठी दोन बांधणींचा विचार करावा. पहिलीत मऊ शिसे तांब्याच्या आवरणाला चिकटवलेले असते, त्यामुळे ती गोळी पसरते, पण तिचे तुकडे फारसे होत नाहीत. दुसरी संपूर्ण तांब्याची असते. ती आपले जवळजवळ सगळे वजन राखून खोलवर जाते आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही, मात्र पूर्ण उमलण्यासाठी तिला आघाताच्या वेळी जास्त वेग लागतो. बऱ्याच शिशाच्या शिकारी गोळ्यांना सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास, तर तांब्याच्या अनेक गोळ्यांना ६०० मीटरच्या आसपास वेग हवा असतो. नेमका आकडा उत्पादक देतो आणि तो हाताशी असल्याशिवाय खरेदी करू नये. ७.६२×३९ चा वेग दोनशे मीटरच्या अलीकडेच ५५० च्या खाली येतो, तेव्हा शिकारीसाठी या काडतुसाची हद्द तिथेच संपते. उंदीर-घुशींसारख्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी बनवलेल्या .२२३ च्या पातळ आवरणाच्या गोळ्या हरणावर कधीही वापरू नयेत, कारण त्या खांद्याच्या हाडावरच फुटून उथळ आणि भयंकर जखम करतात.

नळीतील आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा, पीळही गोळीशी जुळला पाहिजे. बारा इंचांत एक फेरा देणारी .२२३ ची जुनी नळी ५५ ग्रेनची गोळी स्थिर ठेवते, पण हरणासाठी योग्य अशा जड आणि लांब गोळ्यांना आठ किंवा सात इंचांत एक फेरा लागतो. गोळी स्थिर नसेल तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवे भोक दिसते.

कोणत्या सावजाला कोणते काडतूस

कोल्ह्याच्या आकारापर्यंतच्या प्राण्यांसाठी .२२३ उत्तम आहे. लहान हरणासाठी ते चालते, पण गोळी मजबूत बांधणीची, अंतर शंभर-सव्वाशे मीटरच्या आत आणि सावज बाजूने उभे असले पाहिजे. त्याची खरी उणीव मारकतेपेक्षा मागोव्यात जास्त जाणवते. प्रवेशाचे भोक बारीक असते, कित्येकदा गोळी पलीकडे निघतच नाही आणि रक्त आतच साठते. त्यामुळे फुप्फुसात नीट गोळी लागलेले हरीणही दाट झुडपांत हरवू शकते.

७.६२×३९ चांगल्या प्रसरणशील गोळीसह दीडशे मीटरच्या आत मध्यम हरीण आणि रानडुक्कर यांना पुरते. १८९५ च्या .३०-३० विंचेस्टरशी त्याची तुलना नेहमी केली जाते. त्या जुन्या काडतुसाची गोळी जड असल्याने पारडे थोडे त्याच्याकडे झुकते, पण जंगलातील जवळच्या अंतरावर दोघांचे काम सारखेच आहे. ६.८ एसपीसी आणि ६.५ ग्रेंडेल ही दोन्ही एकविसाव्या शतकाच्या आरंभीची काडतुसे हरणासाठी या गटातील सर्वांत समाधानकारक आहेत, आणि लांब नळीच्या रायफलीत मी ग्रेंडेललाच पसंती देईन. .३०० ब्लॅकआउटची वेगवान गोळी शंभर मीटरच्या आसपासपर्यंत उपयोगी आहे. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या २२० ग्रेनच्या गोळीत मात्र केवळ ६८०-६९० ज्यूल ऊर्जा असते. आवाज कमी होतो या मोहापायी ती हरणावर झाडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मोठ्या सांबरासारख्या किंवा त्याहून भारी प्राण्यांसाठी या गटातील एकही काडतूस निवडू नये.

स्वतःची हद्द कशी ठरवावी

काडतुसाची हद्द आणि आपली हद्द यांतील जी लहान असेल ती पाळावी. १५ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ कागदावर काढावे आणि टेबलाचा आधार न घेता, बसून किंवा गुडघा टेकून, थोडे चालून श्वास लागलेला असताना त्यावर गोळ्या झाडाव्यात. ज्या अंतरापर्यंत प्रत्येक गोळी वर्तुळात पडते, ती आपली हद्द. शंभर मीटरवर नेम बसवलेल्या रायफलीतून ७.६२×३९ ची गोळी दोनशे मीटरवर सुमारे पाव मीटर खाली पडते, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी छातीऐवजी पाय किंवा पोट जखमी होते. .२२३ चा मार्ग याहून बराच सपाट असतो. या काडतुसांचा धक्का कमी असल्याने नेमबाज दचकत नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे.

सावज बाजूने उभे असताना पुढच्या पायाच्या रेषेत, किंचित मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापाशी नेम धरावा. हृदय थांबले तरी मेंदूत काही सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो, म्हणून अचूक गोळी लागलेले हरीणही पन्नास-शंभर मीटर धावू शकते. लगेच पाठलाग करू नये. गोळी लागली त्या जागी जाऊन रक्त पाहावे: फेसाळ, गुलाबी-लाल रक्त फुप्फुसाचे असते, गडद रक्त यकृताचे असू शकते, आणि हिरवट, घाण वास येणारा द्रव दिसला तर गोळी पोटात लागलेली असते. शेवटच्या प्रसंगी काही तास थांबून मग माग काढावा, नाहीतर जनावर उठून आणखी दूर जाते.

स्वसंरक्षणासाठी विचार करताना

इथे अंतर काही मीटरचे असल्याने ऊर्जा कमी पडण्याचा प्रश्न उरत नाही आणि सगळी काळजी गोळी कुठे थांबेल याची असते. अमेरिकेतील एफबीआय या तपास यंत्रणेने १९८६ च्या मायामीतील चकमकीनंतर गोळ्यांच्या चाचण्या प्रमाणित केल्या. त्यात दहा टक्के जिलेटिनमध्ये गोळीने किमान ३० आणि कमाल सुमारे ४६ सेंटीमीटर जावे, असे धरले जाते. .२२३ च्या चांगल्या प्रसरणशील गोळ्या या मर्यादेत बसतात. हलकी आणि वेगवान गोळी घराच्या पातळ आतल्या भिंतींमधून जाताना लवकर अस्थिर होते किंवा फुटते, त्यामुळे अशा भिंतींपलीकडे ती पिस्तुलाच्या कित्येक गोळ्यांपेक्षा कमी धोकादायक ठरू शकते. तरीही पहिल्या एक-दोन पातळ भिंती ती पार करतेच. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी, विशेषतः पोलादी गाभ्याची, घरात वापरू नये. घरातील माणसे कोणत्या खोलीत झोपतात, कोणत्या दिशेला शेजाऱ्यांची भिंत आहे आणि कोणत्या दिशेला कधीच नळी वळवायची नाही, हे दिवसाउजेडी, रिकाम्या हातांनी घरभर फिरून ठरवून ठेवावे. दार बंद करून आत थांबणे आणि पोलिसांना बोलावणे शक्य असेल, तर तेच करावे. बळाचा वापर कायदा कधी मान्य करतो, हे शस्त्र घरात येण्यापूर्वी जाणकार वकिलाकडून समजून घ्यावे.

रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. बंद खोलीत, आखूड नळीतून तो आणखी असह्य होतो, म्हणून कुलूपबंद पेटीत रायफलीजवळच कानांचे संरक्षक ठेवावेत. निवडलेली काडतुसे त्याच रायफलीतून आणि त्याच मॅगझिनमधून पुरेशा संख्येने झाडून पाहावीत, कारण काही रायफलींमध्ये मऊ टोकाच्या गोळ्या चेंबरकडे, म्हणजे काडतूस झाडले जाते त्या नळीच्या मागच्या पोकळीकडे, जाताना अडकतात.

चेंबरच्या बाबतीत दोन ठिकाणी विशेष जपावे. ५.५६ चे लष्करी काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये दाब धोकादायकरीत्या वाढवू शकते, त्यामुळे नळीवर कोरलेली खूण वाचूनच काडतूस भरावे. .३०० ब्लॅकआउटचे कवच तर .२२३ च्या कवचापासूनच घडवलेले असते आणि दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात. ते .२२३ च्या चेंबरमध्ये शिरून झाडले गेले, तर जाड गोळी बारीक नळीत अडकून रायफल फुटते. घरात दोन्ही असतील, तर त्यांची मॅगझिने वेगळ्या रंगाची असावीत, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि मैदानावर एका वेळी त्यांपैकी एकच प्रकार न्यावा.