एका क्लाउडमधून दुसऱ्या क्लाउडमध्ये फायली नेताना जागा कशी मोजावी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतकरी गटाने सातबारे, बियाण्यांच्या पावत्या आणि कपाशी-सोयाबीनच्या नुकसानीची छायाचित्रे एका क्लाउड खात्यात, म्हणजे इंटरनेटवरून फायली ठेवण्याच्या सेवेत, साठवली होती. ती दुसऱ्या सेवेत नेताना तिथली जागा संपली, काम अर्ध्यावर थांबले, आणि कोणती फाइल पोहोचली व कोणती राहिली हे जुळवण्यात आमचे दोन रविवार गेले. इतरांवर ही वेळ येऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

सर्वप्रथम जिथे फायली न्यायच्या आहेत, तिथली मोकळी जागा पाहावी. गुगल मोफत 15 जीबी देते, परंतु ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींसाठी मिळून असते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर 5 जीबी, तर ड्रॉपबॉक्सवर 2 जीबी मोफत मिळते. मात्र जुन्या खात्यात दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. गुगल फोटोजमध्ये 1 जून 2021 पूर्वी कमी केलेल्या दर्जात चढवलेली छायाचित्रे त्या 15 जीबीत धरलीच जात नाहीत, पण दुसऱ्या सेवेत गेली की प्रत्येक छायाचित्र आपली जागा मागते. खात्यात 4 जीबी दिसत असताना प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त सामान निघू शकते, ते याच कारणाने.

सामाईक फोल्डरचा हिशेबही वेगळा आहे. गुगल ड्राइव्हमध्ये फाइलची जागा फक्त तिच्या मालकाच्या खात्यातून जाते. ड्रॉपबॉक्समध्ये मात्र सामाईक फोल्डर स्वीकारणाऱ्या प्रत्येक सदस्याच्या जागेतून तेवढा भाग वजा होतो. त्यामुळे गटाचा 3 जीबीचा फोल्डर मोफत ड्रॉपबॉक्स वापरणाऱ्या सदस्यांना पाठवण्यात अर्थ नाही.

गुगलमधील सामग्री बाहेर काढण्यासाठी टेकआउट ही सोय आहे. तिथे तयार होणारी संग्रह-फाइल (सगळ्या फायली एकत्र बांधलेली एक फाइल) ड्राइव्हमध्येच ठेवण्याचा पर्याय दिसतो, पण ती त्याच 15 जीबीत मोजली जाते; म्हणून 12 जीबी भरलेल्या खात्यात तो निवडू नये. त्याऐवजी ईमेलने येणारा दुवा घ्यावा आणि संग्रहाचे 2 जीबीचे तुकडे पाडावेत, म्हणजे वीज गेल्यास एकच तुकडा पुन्हा उतरवावा लागेल. हा दुवा साधारण आठवडाभरच चालतो. संगणकावर संग्रह उघडण्यासाठी त्याच्या जवळपास दुप्पट जागा मोकळी असावी.

आपल्या भागात खरा प्रश्न इंटरनेटचा आहे. फायली आधी उतरवायच्या आणि मग चढवायच्या, म्हणजे 10 जीबीसाठी 20 जीबी डेटा खर्च होतो. रोज 2 जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर त्यासाठी दहा दिवस लागतात. चढवण्याचा वेग 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) असेल, तर केवळ 10 जीबी चढवायलाच अकरा तासांहून अधिक वेळ जातो. भारनियमनाच्या वेळा पाहून रात्रीचे नियोजन करावे, किंवा तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या ओळखीच्या ब्रॉडबँडवर हे काम उरकावे. मला दुसरा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो. संगणकाची सवय असलेल्यांनी आरक्लोन वापरावे; एका क्लाउडमधून दुसऱ्यात फायली नेणारा हा मोफत प्रोग्राम आज्ञा टाइप करून चालवतात. त्याची ‘कॉपी’ आज्ञा आधी पोहोचलेल्या फायली वगळून उरलेल्याच पाठवते, त्यामुळे मध्येच खंड पडला तरी चालते. ‘सिंक’ आज्ञा मात्र कृपया टाळावी, कारण मूळ ठिकाणी नसलेल्या फायली ती नव्या ठिकाणाहून पुसून टाकते.

जागा कमी पडली की जुन्या खात्यातील फायली लगेच काढण्याचा मोह होतो. तसे करू नये. दोन्हीकडील फायलींची संख्या जुळवावी, चार-पाच महत्त्वाचे सातबारे आणि पावत्या नव्या ठिकाणी उघडून पाहाव्यात, आणि त्यानंतरच मूळ प्रती काढाव्यात. काढलेल्या फायली गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतात, म्हणून खात्री पटल्यावर ट्रॅशही रिकामा करावा. कारण खाते पूर्ण भरलेलेच राहिले, तर जीमेलवर पत्रे येणे आणि जाणे दोन्ही थांबते.