सरकारी अनुदान तुटल्यावर प्रयोगशाळा कशी सांभाळावी

अमेरिकेत जैववैद्यकीय संशोधन करणाऱ्या बहुतेक विद्यापीठीय प्रयोगशाळा राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, अनुदानावर चालतात. या संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक सुमारे ४,८०० कोटी डॉलरचे असून त्यातील ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देशभरातील विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्याकडे जाते. २०२५ च्या सुरुवातीपासून अनेक चालू अनुदाने मध्येच रद्द झाली, काहींचे हप्ते रखडले आणि नव्या अर्जांच्या मंजुरीबाबत एनआयएचने हात आखडता घेतला. अशा प्रयोगशाळेत प्रमुख, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक), संशोधक विद्यार्थी किंवा व्यवस्थापक म्हणून काम करणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. पैसा आटला की सर्वांत खर्चिक गोष्ट आधी बंद करण्याकडे मनाचा कल होतो. हा कल घातक आहे, कारण महागडे यंत्र पुन्हा विकत घेता येते, पण बारा वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णगटाची चुकलेली एक तपासणी नंतर कितीही पैसे ओतले तरी करून घेता येत नाही. म्हणून पुढील सूचनांचा क्रम एकाच प्रश्नावर बेतला आहे: काय गेले तर परत मिळणार नाही?

पत्रात नेमके काय लिहिले आहे

‘अनुदान गेले’ या दोन शब्दांत निदान चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. पहिली गोष्ट म्हणजे नुसता विलंब: संसदेत अंदाजपत्रक अडकलेले असते तेव्हा एनआयएच चालू अनुदानाचा पुढील वर्षाचा हप्ता बहुधा ठरलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंतच देते आणि उरलेल्या रकमेचा निर्णय नंतर घेते. दुसरी म्हणजे सरसकट कपात, जशी मार्च २०१३ मध्ये झाली होती. त्या वेळी एनआयएचच्या अंदाजपत्रकातून ५ टक्के, म्हणजे सुमारे १५५ कोटी डॉलर, एका झटक्यात वजा झाले. तिसरी म्हणजे मुदत संपल्यावर नूतनीकरण न होणे. चौथी आणि सर्वांत कठीण म्हणजे मुदत शिल्लक असताना अनुदान रद्द होणे.

अनुदान कागदोपत्री संशोधकाला नव्हे, तर त्याच्या संस्थेला मिळालेले असते, हे अनेकांच्या संकटाच्या वेळीच लक्षात येते. त्यामुळे रद्दीकरणाचे पत्र संस्थेच्या अनुदान कार्यालयाकडे जाते आणि अपीलही त्याच कार्यालयामार्फत करावे लागते. एनआयएचच्या नियमांनुसार अपिलासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते. ती संस्थेला पत्र मिळाल्यापासून मोजली जाते, पत्र आपण उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. न्यायालयाचा मार्गही संस्थांना आणि राज्यांनाच अधिक सोयीचा आहे. जून २०२५ मध्ये बोस्टन येथील जिल्हा न्यायालयाने शेकडो अनुदाने रद्द करणे बेकायदा ठरवले, परंतु ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा अंतरिम आदेश दिला की पैशासंबंधीचे हे दावे त्या न्यायालयापुढे चालू शकत नाहीत. एवढ्या चढउतारांच्या भरवशावर प्रयोगशाळेचा महिन्याचा खर्च आखणे शक्य नाही. अपील करावेच, पण नियोजन मात्र ते फेटाळले जाईल असे धरून करावे.

पत्र मिळेल त्याच दिवशी अनुदान कार्यालयाकडून एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी: रद्दीकरणाच्या तारखेनंतरचे कोणते खर्च मान्य होतील? वैद्यकीय चाचणीतील, म्हणजे माणसांवर उपचार तपासून पाहण्याच्या प्रयोगातील, सहभागींची सुरक्षा आणि प्राण्यांची देखभाल यांसाठी अपरिहार्य असलेल्या खर्चाची मागणी करता येते, पण ती आधी नोंदवलेली असावी लागते. तोंडी आश्वासन लेखापरीक्षणात टिकत नाही.

शिल्लक महिन्यांत मोजावी

खात्यात किती डॉलर आहेत यापेक्षा ते किती महिने पुरतील, हा आकडा उपयोगाचा आहे. पगार, त्यावरील विमा व निवृत्तिवेतनाचा भार, पिंजऱ्यांचे दैनंदिन भाडे, द्रव नायट्रोजन, यंत्रांचे देखभाल करार आणि आधीच नोंदवलेल्या पण देयक न आलेल्या खरेद्या, हे सर्व मासिक खर्चात धरावे. बहुतेक प्रयोगशाळांत पगाराचा वाटा इतका मोठा असतो की रसायनांच्या खरेदीत केलेली काटकसर फार तर दोन-तीन आठवडे मिळवून देते. तोंडमिळवणी होत नसेल तर ते पहिल्याच आठवड्यात मान्य करावे. तीन महिने अभिकर्मकांच्या बाटल्या मोजत बसून नंतर एकदम माणसे कमी करणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

येथे अप्रत्यक्ष खर्चाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याविषयी संशोधकांचाही गैरसमज असतो. वीज, इमारत, प्राणिगृह, घातक कचऱ्याची विल्हेवाट, नैतिकता समितीचे कामकाज यांसाठी संस्थेला अनुदानावर वेगळी टक्केवारी मिळते. हा दर ५० टक्के असेल तर अनुदानातील निम्मे पैसे संस्था घेते, असे समजले जाते. प्रत्यक्षात तो दर थेट खर्चावर लावलेला असतो. वर्षाला २,५०,००० डॉलरचा थेट खर्च असेल, तर ५० टक्के दराने संस्थेला १,२५,००० डॉलर वेगळे मिळतात, म्हणजे एकूण ३,७५,००० मधला तिसरा हिस्सा. (उपकरणांसारख्या काही खर्चांवर हा दर लागत नाही, त्यामुळे खरा हिस्सा याहूनही कमी असतो.) ७ फेब्रुवारी २०२५ रोजी एनआयएचने हा दर सर्वत्र १५ टक्के करण्याची घोषणा केली. वरील उदाहरणात संस्थेचे उत्पन्न ३७,५०० डॉलरवर आले असते, म्हणजे एका अनुदानामागे वर्षाला ८७,५०० डॉलरची तूट. न्यायालयाने हा निर्णय अमलात येऊ दिला नाही. तरीही हे गणित प्रत्येकाने आपल्या अनुदानापुरते करून ठेवावे, कारण खासगी प्रतिष्ठाने बहुधा अप्रत्यक्ष खर्च कमी दराने देतात आणि सरकारी पैशाच्या जागी खासगी पैसा आणला तरी प्राणिगृहाच्या विजेचा प्रश्न तसाच उरतो.

आधी चाचणीतील माणसे

प्रयोगशाळेच्या कामात वैद्यकीय चाचणी असेल, तर बाकी सर्व बाजूला ठेवून तिच्याकडे पाहावे. संमतिपत्रावर सही करणाऱ्या व्यक्तीला आपण काही आश्वासने दिलेली असतात आणि ती अनुदानाच्या मुदतीबरोबर संपत नाहीत. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात एनआयएचच्या ३८३ चाचण्यांचे अनुदान रद्द झाले आणि त्यांत ७४ हजारांहून अधिक लोकांची नोंदणी झालेली होती, असे एका विश्लेषणात आढळले. अशा वेळी नवीन नोंदणी त्वरित थांबवावी, नैतिकता समितीला आणि सुरक्षा देखरेख मंडळाला कळवावे, औषध घेत असलेल्यांची यादी वेगळी काढावी आणि प्रत्येकाचे औषध हळूहळू कमी करायचे की नेहमीच्या उपचारांकडे वळवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. शरीरात उपकरण बसवलेले सहभागी असतील तर त्या उपकरणाची पुढील जबाबदारी कोणाची, हे नाव घालून ठरवावे. सहभागींना बातमी वर्तमानपत्रातून कळू देऊ नये.

दीर्घकालीन पाठपुराव्याच्या अभ्यासांना वेगळी शिस्त लागते. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम हृदय अभ्यास १९४८ मध्ये ५,२०९ लोकांना घेऊन सुरू झाला आणि २०१३ च्या कपातीत त्याच्या कराराची रक्कम सुमारे ४० टक्क्यांनी घटली. असा प्रसंग आला तर महागड्या प्रतिमाचाचण्या पुढे ढकलाव्यात, पण वर्षातून एकदा फोन करून पत्ता, प्रकृती आणि रुग्णालयातील दाखले विचारण्याचे काम मात्र मोडू देऊ नये. संपर्क तुटलेली माणसे पुन्हा शोधताना गट बदलतो. आजारी आणि स्थलांतरित माणसे अधिक गळतात आणि उरलेला गट उगाच निरोगी दिसू लागतो.

जिवंत आणि गोठवलेली सामग्री

उंदरांच्या वसाहतीचा खर्च रोजचा असतो, त्यामुळे तेथे निर्णय लवकर घ्यावा लागतो. उंदरांच्या प्रत्येक वाणासाठी, म्हणजे ठरावीक जनुकीय रचनेच्या वंशासाठी, तीन प्रश्न विचारावेत: तो दुसऱ्या प्रयोगशाळेकडून किंवा सार्वजनिक भांडारातून मिळू शकतो का, तो गोठवलेल्या स्वरूपात कोठे आहे का, आणि पुढील सहा महिन्यांत त्याचा खरोखर उपयोग होणार आहे का? जो मिळू शकतो तो सोडून द्यावा. जो फक्त आपल्याकडे आहे तो गोठवावा. एकच जनुकीय बदल असलेल्या वाणासाठी शुक्राणू गोठवणे सामान्यतः पुरेसे व स्वस्त असते. अनेक बदल एकत्र जुळवून आणलेल्या वाणासाठी भ्रूण गोठवणे बरे, कारण शुक्राणूंपासून तो परत आणताना ती जुळणी पुन्हा पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. उंदराचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, पिले दुधावरून तोडायला आणखी तीन आठवडे आणि प्रजननक्षम व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. तीन बदलांचा वाण पुन्हा उभा करण्यात एक वर्ष सहज जाते. गोठवल्यानंतर एक नमुना वितळवून तो चालतो याची खात्री झाल्याशिवाय शेवटची जोडी काढू नये.

पेशींच्या बाबतीत कृती सोपी आहे, निष्काळजीपणा मात्र अधिक होतो. कमी वेळा पुनर्वाढ केलेल्या (नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या) पेशी १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना इजा होऊ नये म्हणून वापरायचे रसायन) असलेल्या माध्यमात, मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने थंड करून द्रव नायट्रोजनच्या टाकीत, म्हणजे उणे १९६ अंशांच्या आसपास, ठेवाव्यात आणि दोन वेगळ्या इमारतींतील टाक्यांत वाटून ठेवाव्यात. मी काम केलेल्या एका प्रयोगशाळेत घाईघाईने आवराआवर करताना कुप्यांवर साध्या मार्करने नावे लिहिली गेली. नंतर कोणीतरी खोके इथेनॉलने पुसले. वर्षभराने झाकण उघडले तेव्हा एक्क्याऐंशी कुप्यांपैकी निम्म्याहून अधिकांवर फिकट निळ्या डागाखेरीज काही उरले नव्हते आणि त्या पेशी कोणत्या रुग्णाच्या होत्या हे सांगू शकणारा पोस्टडॉक केव्हाच नोकरी सोडून गेला होता. थंडी सहन करणारी छापील लेबले वापरावीत, त्यांवर नाव, तारीख, पुनर्वाढीचा क्रमांक आणि नोंदवहीचे पान असावे, आणि खोक्यांचा नकाशा किमान तीन माणसांकडे असावा.

माहितीसाठा गोठवावा लागत नाही, एवढाच दिलासा. पण तो सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात अडकला तर गोठल्यासारखाच होतो. कच्च्या फायली संस्थेच्या साठ्यात हलवाव्यात, संगणकीय प्रणालीची आज्ञावली सोबत ठेवावी आणि जे प्रकाशित झाले आहे ते सार्वजनिक भांडारात त्वरित जमा करावे. अनुदान संपल्यावर १२० दिवसांत अंतिम अहवाल द्यायचा असतो. ते काम लिहिता हात अजून पगारावर असताना उरकावे.

सहकाऱ्यांशी बोलताना

शिल्लक महिन्यांचा आकडा हाती आला की तो सर्वांना एकाच बैठकीत सांगावा. प्रमुख गप्प राहिले तर कर्मचाऱ्यांचे रक्षण होते, ही समजूत माझ्या मते स्वतःच्या समाधानापुरतीच खरी असते. अफवा तोवर फ्रीझरच्या खोलीपर्यंत पोहोचलेली असते आणि ज्यांना बाहेर संधी मिळू शकते ते आधी निघून जातात. परदेशी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर प्रत्येक दिवस मोजका असतो. एच-१बी व्हिसाधारकाची नोकरी संपली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते आणि तेवढ्यात नवा मालक शोधणे, व्हिसाचा प्रकार बदलणे किंवा देश सोडणे यांपैकी एक करावे लागते. नोकरी संपण्याची तारीख एका पगारपत्रकाने पुढे गेली तरी त्या कुटुंबाला मोठा फरक पडतो. संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला म्हणून निर्णयानंतर नव्हे, तर निर्णयापूर्वी विचारावे.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी विभागाकडे अध्यापन सहायकाची जागा आणि संक्रमण निधी (दोन अनुदानांमधला काळ भागवण्यासाठीचा पैसा) यांची मागणी लगेच करावी. प्रबंधाच्या तीन उद्दिष्टांपैकी हाती असलेल्या माहितीवर पूर्ण होऊ शकणारी दोन निवडून समितीची लेखी संमती घ्यावी. तंत्रज्ञ जाणार असतील, तर त्यांच्या हाताची कृती चित्रित करून ठेवावी; लिहिलेल्या पद्धतीत ‘हलक्या हाताने मिसळावे’ असे असते, पण तो हात किती हलका हे पाहूनच कळते.

अनुदान परत सुरू झाले तर

२०२५ मध्ये रद्द झालेली काही अनुदाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत झाली. दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासाच्या प्रादेशिक केंद्रांचे करार संपवण्याचा निर्णय एप्रिलमध्ये जाहीर झाला आणि काही दिवसांतच मागे घेण्यात आला. असे झाल्यास पहिल्याच दिवशी प्रयोग सुरू करू नयेत. नैतिकता समितीची आणि प्राणी समितीची परवानगी मधल्या काळात संपली आहे का, फ्रीझरच्या तापमानाच्या नोंदींत खंड आहे का आणि देखभाल करार चालू आहेत का, हे तपासावे. प्रत्येक पेशीवंशाची एकेक कुपी वितळवून ओळख पटवून घ्यावी. कामाचा निबंध लिहिताना पद्धतींच्या विभागात खंडाच्या दोन्ही तारखा, त्या काळात चुकलेल्या तपासण्यांची संख्या आणि गळालेल्या सहभागींचे वय व प्रकृती यांचा तक्ता द्यावा.