जिममधली वीज कुठे जाते, ती कशी वाचवायची

सायकलला डायनामो जोडून दिवे पेटवायचे, ही कल्पना फोटोत छान दिसते. पण नियमित व्यायाम करणारा माणूस सलग पेडल मारून साधारण १०० वॅट देतो. दहा जणांनी तासभर घाम गाळला तर जेमतेम एक युनिट, आणि दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात तासाभरात त्याहून जास्त खातो. म्हणून सुरुवात एसीपासून.

त्याआधी आठवडाभर मीटरचं रीडिंग लिहा : जिम उघडताना, सकाळची बॅच सुटल्यावर, संध्याकाळची सुरू होताना आणि कुलूप लावताना. रात्रीही युनिटं पडत असतील तर वॉटर कूलर, बाहेरचा बोर्ड आणि स्टँडबायवरच्या ट्रेडमिल तपासा. ट्रेडमिल भिंतीवरच्या बटणानेच बंद करा.

जिममध्ये 'फार उकडतंय' म्हणून रिमोट १८ वर जातो, तेव्हा खरी तक्रार बहुतेक वेळा दमट, कोंदट हवेची असते. पहिली बॅच येण्याआधी १५ मिनिटं खिडक्या उघडून एक्झॉस्ट पंखे चालवा. मग एसी २४-२५ अंशांवर लावा आणि छताचे पंखे सुरू करा. एसी चालू असताना एकच लहान एक्झॉस्ट राहू द्या. सगळे चालवलेत तर गारवा बाहेर जाईल, सगळे बंद केलेत तर घामाचा वास कोंडेल. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० च्या आसपास.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. चॉकची पूड आणि कपड्यांचे तंतू त्यात भराभर अडकतात, हवा कमी खेचली जाते आणि कॉइलवर बर्फ धरतो. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, कारण गॅस वापरून संपत नाही. साबणाच्या पाण्याने जोड तपासून गळती बंद केल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. शिवाय एसीत भरला जाणारा आर-३२ वायू हवेत सुटला तर तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट पृथ्वीचं तापमान वाढवतो, जुना आर-४१०ए वायू त्याच्या तिपटीहून जास्त.

दुसरा नंबर ट्रेडमिलचा. पट्ट्याखालची फळी कोरडी पडली की मोटर जास्त करंट ओढते, कंट्रोलर जळतो आणि धड मशीन भंगारात जातं. प्लग काढा, पट्टा मधोमध उचला. तो ५ ते ७ सेंटिमीटर उचलला गेला पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर थोडा सैल करा. मग आत बोटं फिरवा. फळी कोरडी लागली तर दोन्ही बाजूंनी मिळून १५-२० मिली सिलिकॉन तेल सोडा आणि पाच मिनिटं सावकाश चालून ते पसरवा. खोबरेल किंवा गंज काढायचा स्प्रे नको, पट्टा खराब होतो. काही फळ्यांवर मुळातच मेणाचा थर असतो, त्यांना तेल लावायचंच नसतं, मॅन्युअल बघा.

पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ५०० च्या आत असेल तर सहसा आरओची गरज नसते, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ असलाच तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरा. खारट असल्याने कुंड्यांना घालू नका.

सोलर सगळ्यात शेवटी. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट छत लागतं आणि दिवसाला चारेक युनिटं मिळतात, पण ती दुपारी, जेव्हा जिम रिकामी असते. नेट मीटरिंग (जादा वीज ग्रीडला देऊन ती बिलातून वळती करणं) मंजूर होणार असेल तरच पॅनेल घ्या.