पोचा कडेपासून काढायचा

जुन्या गाडीच्या मडगार्डला पोचा पडला की बहुतेक जण आतून हात घालतात, सगळ्यात खोल जागा चाचपतात आणि तिथंच हातोडीचा दणका देतात. पत्रा बाहेर येतो, पण काम तिथंच बिघडतं. खोल जागी बसलेला दणका पत्रा ताणतो. ताणलेला पत्रा वाढतो, वाढलेल्याला जागा उरत नाही, म्हणून टेंगूळ उठतं. भोवतीची कडा मात्र होती तशीच आवळलेली राहते. मग टेंगूळ आणि कडा दोन्ही झाकायला वर बोटभर पुट्टी चढते. बेळगावच्या पावसात ती फार काळ टिकत नाही. एक बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं, खालून गंज धरतो आणि पुट्टीचा खपलाच हातात येतो.

पोचा ज्या क्रमानं पडला, त्याच्या उलट क्रमानं काढायचा. सगळ्यात शेवटी जे वाकलं, ते सगळ्यात आधी सोडवायचं. बाकी सगळं यातूनच येतं.

माझं डेंटिंगचं शेड बेळगावच्या उद्यमबागेत आहे. जुन्यांपैकी अँबेसडर आणि प्रीमियर पद्मिनी जास्त येतात, अधूनमधून महिंद्राची जुनी जीप. अँबेसडर २०१४ साली बंद झाली, पद्मिनी तर त्याच्या किती आधी. कंपनीचं नवं मडगार्ड मागवावं असे दिवस राहिले नाहीत, आणि बाहेर मिळतं त्याची गोलाई बसेलच असं नाही. म्हणून गाडीचा मूळ पत्रा वाचवायचा. तो वाचवण्याजोगा असतोही. त्या काळचा पत्रा साधारण १९-२० गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास, आणि मऊ पोलादाचा. हातोडीचं ऐकतो तो. आजच्या गाड्यांतलं कडक पोलाद असं वळत नाही, त्यामुळे इथली रीत नव्या गाडीवर डोळे झाकून लावू नका.

उसाच्या हंगामात निपाणीकडची एक क्रीम रंगाची अँबेसडर आली होती. ट्रॉलीचा कोपरा उजव्या पुढच्या मडगार्डला, हेडलाइटच्या मागं लागला होता. वीतभर लांब खळगा, त्याच्या वरच्या अंगाला धनुष्यासारखी उचललेली कडा, आणि मागं दरवाजाकडे जाणारी एक बारीक घडी. तीच समोर ठेवून सांगतो.

हातोडी उचलण्याआधी पत्रा वाचायचा. मडगार्ड आतून खरवडून, धुऊन घ्या. खानापूर-कणकुंबीकडून येणाऱ्या गाड्यांत तांबड्या मातीचा थर डांबरासकट चिकटलेला असतो. त्यावर डॉली, म्हणजे पत्र्यामागं आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा, धरली तर ती पत्र्याला लागतच नाही, मातीवर टेकते. मग एक साधं लोहचुंबक घेऊन बाहेरून फिरवा. जिथं पकड ढिली होते तिथं जुनी पुट्टी आहे. ती आधी काढा, नाहीतर पुट्टीच ठोकत बसाल. गंजानं पत्रा पातळ झालाय का तेही बघा. चोर्ला घाटातून गोव्याच्या गाड्या येतात, समुद्राच्या हवेनं त्यांच्या खालच्या कडा खाल्लेल्या असतात. असा पत्रा ठोकला की भोक पडतं. तिथं हातोडी नको, तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड करा.

जुना रंग काढताना तोंडाला चांगला मास्क लावा आणि पॉलिश पेपर ओला करून घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ छातीत जाता कामा नये.

आता खडू घ्या. पोच्यात दोन तऱ्हेचा पत्रा असतो. एक, जो खरोखर वाकलाय: कडा, घडी, रंग तडकलेली जागा. दुसरा, जो नुसता दबलाय, त्या कडेनं धरून ठेवलाय म्हणून आत राहिलाय. कडा सुटली की हा दुसरा भाग पुष्कळदा आपणहून परत येतो. त्याला मारायची गरजच नसते. म्हणून जिथं खरोखर वाकलंय तिथंच खडूची रेघ ओढा. त्या अँबेसडरला रेघ ओढून झाल्यावर मालक म्हणाले, एवढंच? खळगा ताटाएवढा होता, पण वाकलेला पत्रा म्हणजे दोन रेघा होत्या.

हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, हातानं कळतं. पातळ सुती हातमोजा घाला किंवा तळहाताखाली जुन्या धोतराचा तुकडा घ्या. कापडानं हात सरकतो आणि बारीक उंचसखलपणा जास्त जाणवतो. बोटांची टोकं नाही, अख्खा तळहात आणि बोटं सपाट ठेवा. चांगल्या भागापासून सुरू करून, खराब भागावरून, पलीकडच्या चांगल्या भागापर्यंत लांब हात फिरवा. उभा, आडवा, तिरपा. डोळे मिटून करा, लाज वाटायचं काही कारण नाही. आमचे उस्ताद हातोडी खाली ठेवायचे आणि नुसता हात फिरवत राहायचे. शिकाऊ पोरांना वाटायचं, वेळ चाललाय. काम तेव्हाच चाललेलं असायचं.

हत्यारं थोडी लागतात, पण चांगली लागतात. हातोडी ३०० ते ४५० ग्रॅमची, एका बाजूला सपाट रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला टोक. सपाट म्हटलं तरी तोंडाला किंचित फुगवटा हवा, नाहीतर काठ पत्र्यात चंद्रकोर उमटवतो. डॉली हातोडीच्या तिप्पट वजनाची, किलो-सव्वा किलोची. उद्यमबागेत फाउंड्री पुष्कळ, म्हणून काही जण बीडाची डॉली ओतून घेतात. मी घेत नाही. बीड ठिसूळ असतं, काठाचा टवका उडतो. रेल्वेच्या रुळाच्या भंगार तुकड्यातून घडवून, तोंड ग्राइंड करून घेतलेली डॉली जन्मभर जाते. दोन-तीन आकार हवेत: एक टाचेसारखी, एक लांबट वळणाची, एक जवळजवळ सपाट. नियम असा, की डॉलीची गोलाई पत्र्याच्या मूळ गोलाईपेक्षा किंचित जास्त असावी. कमी असली तर तिचे काठ लागतात.

हातोडी आणि डॉली दोन्हींची तोंडं पॉलिश करून ठेवा. तोंडावर जो ओरखडा असेल तो प्रत्येक घावाला पत्र्यावर छापला जातो. माझ्या हातोडीनं कोणी खिळा ठोकला तर मी त्या दिवशी त्याच्याशी बोलत नाही. याखेरीज एक स्पून म्हणजे पोलादाची रुंद चपटी पट्टी, एक रबरी हातोडी, वक्र दात्यांची बॉडी फाइल म्हणजे कानस, डोळ्याला गॉगल आणि कानाला काहीतरी.

आता घाव. हातोडी दांड्याच्या शेवटाजवळ, सैल धरा. मनगटातून टाका, खांद्यातून नाही. घाव पडला की हातोडी आपणहून उसळून वर आली पाहिजे. ती दाबून ठेवलीत तर पत्र्याला खड्डा पडेल. पुढचा घाव बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर, रांगेनं. जोर तेवढाच, चाल तेवढीच. कणकीच्या गोळ्यावर थापटी मारतात तेवढा हलका हात पुरतो.

ठोकायच्या रीती दोनच. डॉलीच्या बाहेर ठोकणं आणि डॉलीवर ठोकणं.

आधी नेहमी डॉलीच्या बाहेर. आतून डॉली खळग्याखाली घट्ट दाबून धरा, आणि हातोडी बाहेरून शेजारच्या उंच कडेवर टाका. डॉली आणि घाव एका जागी नाहीत, त्यांच्यात इंचभर अंतर आहे. घावानं कडा खाली जाते. तो धक्का पत्र्यातून डॉलीला लागतो, डॉली मागं जाऊन परत येते आणि खळगा वर ढकलते. एकाच घावात उंच खाली, खाली वर. पत्रा ताणला जात नाही, कारण तो दोन लोखंडांमध्ये चेंगरत नाही.

सुरुवात कडेच्या बाहेरच्या टोकापासून, म्हणजे जिथं मार लागला तिथून सगळ्यात लांब. त्या अँबेसडरला आम्ही दरवाजाकडची घडी आधी घेतली. घडीच्या शेपटाकडून एक-एक बोट पुढं सरकत आलो, मग धनुष्यासारख्या कडेची दोन्ही टोकं, आणि मग तिचा मध्य. कडा धारदार असेल तर थेट हातोडी नको. वर स्पून ठेवा आणि स्पूनवर मारा, जोर पसरतो. घाव हेडलाइटच्या अंगाला येईपर्यंत खोल खळग्याला आम्ही हातही लावला नव्हता. मग आतून तळहातानं दाबलं. बुडुक् असा आवाज झाला आणि निम्म्याहून जास्त खळगा बाहेर आला. माझा मदतनीस बैलहोंगलकडचा. पुढचा घाव मी उचलायच्या आत तो कन्नडमध्ये म्हणाला, "साक्री!" म्हणजे पुरे. बरोबर होतं त्याचं.

उरतं ते डॉलीवरचं काम. आता डॉली घावाच्या बरोबर खाली. यानं बारीक उंचसखल सपाट होतं, पण पत्रा दोन लोखंडांत चेपला जातो, पातळ होतो, पसरतो. म्हणून थोडं आणि हलकं. आवाजावर कान ठेवा. डॉलीवर बसलेला घाव खणखणीत वाजतो, बाजूला पडलेला बद्द वाजतो. हात आत दिसत नसतो, तेव्हा डॉली कुठं आहे ते हा आवाजच सांगतो.

अधूनमधून थांबून फाइल फिरवा. एकदा तिरपी इकडून, एकदा तिकडून. उंच जागा चकाकतात, खोल जागी रंगाचे काळपट ठिपके राहतात. फाइल इथं पत्रा घासायला नाही, दाखवायला आहे. एक मिलिमीटरचा पत्रा घासून सपाट करायला गेलात तर हातात कागद उरेल. खोल ठिपके आतून हातोडीच्या टोकानं हळूच उचला. नेम चुकू नये म्हणून बाहेरून त्या जागी बोट धरा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पत्रा ओल्या फडक्यानं पुसून बघा. ट्यूबची रेघ सरळ वाहिली पाहिजे, जिथं लचकते तिथं अजून काम आहे.

कधी पत्रा बसतो, पण अंगठ्यानं दाबला की डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर उडतो. म्हणजे तो ताणला गेलाय, जागेपेक्षा जास्त झालाय. पद्मिनीच्या दरवाजासारख्या कमी गोलाईच्या भागात हे फार होतं, कारण गोलाई कमी तर पत्र्याला बळही कमी. इथं आणखी ठोकलंत तर आणखी वाढेल. त्याला आखडवावं लागतं, आणि ते गॅसनं होतं.

आधी बॅटरीची वायर काढा. जवळचं वायरिंग, रबर, मागचं डांबर दूर करा. पेट्रोलची टाकी किंवा पाइप जवळ असेल तर तो भाग गाडीवरून खोलल्याशिवाय ज्योत पेटवू नका. पाण्याची बादली शेजारी. लहान नोझलनं सगळ्यात उंच जागी रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान ठिपका लाल करा. तापलेला ठिपका पसरू बघतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो तिथंच फुगून जाड होतो. लगेच आतून डॉली सैल धरून ठिपक्याच्या भोवती आणि मग वर हलके घाव घाला. लाली गेली की ओलं फडकं लावा. थंड होताना तो मूळच्यापेक्षा आखडतो. पुढचा ठिपका लगेच शेजारी नको, थोडा लांब घ्या, आणि प्रत्येक ठिपक्यानंतर पूर्ण गार होऊ देऊन हात फिरवा. घाईनं चार ठिपके दिले की पत्रा उलट बाजूला ओढला जातो, आणि मग परत ताणत बसावं लागतं.

दरवाजाच्या कामात आतल्या फ्रेममुळे डॉली पोहोचत नाही. आतला पॅड काढा, काच वर घेऊन बांधा, आणि भोकातून लांब स्पून घालून तोच डॉलीसारखा वापरा. नवं भोक पाडून ओढायची सवय लावू नका, त्या भोकातून पुढं गंजच येतो.

पुट्टी वाईट नाही, जाड पुट्टी वाईट. पत्र्याचा उंचसखलपणा तळहाताला लागेनासा झाला की कागदाएवढा थर पुरतो. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते. त्याच दिवशी थिनरनं पुसून इपॉक्सी प्रायमर मारा. आतल्या बाजूलाही मारा. तिथं डॉलीनं जुना थर उडालेला असतो आणि तिथं कोणी बघत नाही.

मडगार्ड खोललं असेल तर परत बसवताना सगळे बोल्ट आधी सैल लावा. बोनेट बंद करून, दरवाजा उघडमीट करून दोन्हीकडची फट वरपासून खालपर्यंत सारखी येते का बघा. मग मधला बोल्ट आवळा, नंतर टोकाचे. रंग त्यानंतर.